मदत हवी आहे : सड्यावरचे आणि वहाळावरचे चतुर नेमके कशावरून ओळखायचे?

शाळाबाई_तळकोकण

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिकवते. गावात लोकजैवविविधता नोंदवहीचं काम पुन्हा सुरू झालंय. झाडं, पक्षी, मासे यांच्या याद्या लोकांनी वाटून घेतल्या, किड्यांकडे मात्र कोणी वळेना. मग माझ्या सातवीच्या मुलांनी चतुर आणि टाचण्यांची (चतुरांसारखेच, पण बारीक अंगाचे किडे) यादी मागून घेतली. मुलांची नजर तयार आहे. कोण कुठल्या दगडावर बसतो, कोण कोणाला हाकलतो, कोण दुपारी शेपटी वर करून बसतो, हे सगळं ती मला सांगतात. गाडी अडते ती नावापाशी.

बघायच्या जागा तीन: सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरची, पावसाळी डबकी, देवळामागची तळी आणि गावाखालचा वहाळ (ओढा). हाताशी एक फोन आणि त्याला लावायची छोटी भिंग. जाळी वापरायची नाही, धरायचं नाही, हे आधीच ठरलंय.

सगळ्यात जास्त गोंधळ लाल चतुरांचा आहे. सड्यावर लाल, तळीवर लाल, गटारावरही लाल. ॲपवर एकाच चतुराचे दोन फोटो टाकले तर दोन नावं येतात. दुसरा प्रश्न वहाळावरचा. हिरवट-पिवळा, अंगावर काळे पट्टे, मधल्या दगडावर बसतो. अर्धी मुलं म्हणतात की हा तळीवरचाच ग्रीन मार्श हॉक, अर्धी म्हणतात क्लबटेल. तिसरा, शाळेच्या भिंतीला चिकटून बसणारा राखाडी ठिपक्यांचा. आणि वहाळाच्या सावलीत चमकत्या हिरव्या अंगाच्या टाचण्या आहेत, काहींच्या पंखांची टोकं काळी, काहींची स्वच्छ. हे नर-मादी की वेगळ्या जाती?

नोंदवहीत गेलेलं नाव पुढे कोणीतरी खरं धरून वापरणार आहे. त्यामुळे घाई नाही, पण पद्धत पक्की हवी.

वेताळटेकडी

ताई, उपक्रम फार आवडला. भिंतीवरचा लगेच सांगतो : ग्रॅनाइट घोस्ट, ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा. पंखांच्या टोकाजवळ वरच्या कडेला जो लांबट ठिपका असतो तो बघा, मधे काळा आणि दोन्ही बाजूंनी पांढरा दिसेल. पुण्यात सोसायट्यांच्या भिंतींवर आणि पाण्याच्या टाक्यांवर सर्रास दिसतो. शाळेच्या टाकीत त्याची पिल्लं असतील तर राहू द्या, डासांच्या अळ्या खातात.

लालबद्दल मला खात्रीने सांगता येणार नाही. पाणकणीस दादा येतील, ते सांगतील.

पाणकणीस

आलो. शाळाबाई, तुमच्या मुलांनी बसण्याची जागा टिपली आहे, म्हणजे निम्मं काम झालंय. ॲप रंग बघून अंदाज बांधतं आणि चतुरांमध्ये रंगासारखी फसवी गोष्ट नाही. कोवळा नर बहुतेक वेळा मादीसारखा पिवळट-तपकिरी असतो, मग पिकत जातो. काहींच्या अंगावर वय वाढलं की निळसर-पांढरी भुकटी चढते आणि खालचे पट्टेच झाकले जातात. म्हणजे एकाच जातीचे तीन चतुर एकाच डबक्यावर तीन रंगांत दिसू शकतात. रंग शेवटी बघायचा.

आधी डोळे. फोटो वरून घ्या, डोकं मोठं करा आणि दोन डोळ्यांमध्ये जागा आहे का ते पाहा. चतुरांमध्ये डोळे स्पष्ट वेगळे असतील तर तो गोम्फिडी कुळातला, म्हणजे क्लबटेलांच्या घरातला. डोळे डोक्यावर एकमेकांना लांब रेघेने चिकटलेले, अंगाने मोठा, बसला तर फांदीला लोंबकळून आणि बऱ्याचदा तिन्हीसांजेला उडणारा, असा असेल तर एश्निडी. आपल्या तळ्याकाठी काटकीवर, गवतावर, जमिनीवर बसणारे बहुतेक सगळे लिबेल्युलिडी. त्यांचेही डोळे चिकटलेले असतात, पण चण लहान ते मध्यम.

टाचण्यांचे डोळे तर डोक्याच्या दोन टोकांना असतात आणि बसताना त्या पंख मिटतात. एक अपवाद मुलांना सांगून ठेवा : लेस्टिडी कुळातल्या टाचण्या पंख अर्धे उघडे ठेवून बसतात. तेव्हा पंख उघडे म्हणजे चतुर असं डोळे झाकून लिहू नका. पुढचे आणि मागचे पंख बुडाशी सारख्याच रुंदीचे असतील तर टाचणी, मागचे बुडाशी रुंद असतील तर चतुर.

आता वहाळावरचा. तुमच्या वर्गातल्या दोन्ही गटांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. ग्रीन मार्श हॉक, म्हणजे ऑर्थेट्रम सबिना, याचं पोट (आपण शेपटी म्हणतो ते) बुडाशी फुगीर, मधे एकदम बारीक आणि टोकाकडे परत थोडं रुंद असतं. त्यात हिरवट-काळे पट्टे, म्हणून तो क्लबटेलसारखा दिसतो. पण तो लिबेल्युलिडी. डोळे चिकटलेले दिसले तर वाद तिथेच मिटतो. डोक्याचा फोटो आहे का?

शाळाबाई_तळकोकण

दादा, आहेत. आत्ताच मोठे करून पाहिले. तळीवरच्याचे डोळे चिकटलेले आहेत. वहाळावरच्या दोन फोटोंपैकी एकात डोळ्यांमध्ये चांगली फट दिसते, मधे पिवळी पट्टी आहे. दुसरा फोटो बाजूने घेतलाय, त्यात डोळ्यांचं कळत नाही.

म्हणजे फट असलेला क्लबटेल? जात कुठली लिहू?

पाणकणीस

फट दिसली, म्हणजे गोम्फिडी नक्की. जात लिहू नका. हे मी मनापासून सांगतोय. सह्याद्रीतल्या वहाळांवरचे कितीतरी गोम्फिड काळे-पिवळे आहेत, आणि त्यांच्यातला फरक छातीच्या बाजूवरच्या पट्ट्यांचा आकार आणि शेपटीच्या टोकाचे आकडे (हुकासारखे अवयव) यांवर ठरतो. ते आकडे वरून आणि बाजूने, दोन्हीकडून स्पष्ट दिसले तरच पुढे बोलता येतं.

तुमच्या जिल्ह्याचंच उदाहरण देतो. आंबोलीजवळच्या चौकुळमधून बर्मागोम्फस चौकुलेन्सिस हा गोम्फिड 2022 मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला. त्याआधी तीनच वर्षं, 2019 मध्ये, सिंधुदुर्गातूनच सेरियाग्रियॉन क्रोमोथोरॅक्स नावाची टाचणी नवी म्हणून आली. जिथे अजून नव्या जाती सापडतायत, तिथे ॲपने सुचवलेलं जवळचं नाव चिकटवलं तर खरी गोष्ट त्या नावाखाली दडपली जाते. ‘गोम्फिडी, जात अनिश्चित, वहाळ, मधला दगड, तारीख, फोटो’ ही नोंद पूर्ण आहे. उद्या कोणी अभ्यासक आला तर त्याला हीच लागेल.

तळीवर पाण्यातून वर आलेल्या काटकीच्या अगदी टोकावर बसणारा मोठा, जवळपास सात सेंटिमीटरचा काळा-पिवळा दिसला आणि शेपटीच्या टोकाकडे दोन्ही बाजूंना पानासारख्या पाळ्या असल्या, तर तो कॉमन क्लबटेल, इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स. तेवढा एक गोम्फिड बिनधास्त जातीनिशी लिहा.

सातारी_भटक्या

पाणकणीस यांना दुजोरा. आमच्याकडे ठोसेघरच्या नावाने युफिया ठोसेघरेन्सिस ही टाचणी 2021 मध्ये नोंदली गेली. ठोसेघरचा धबधबा बघायला कितीतरी लोक जातात, आणि ती तिथे होतीच.

टाचण्यांचं मी सांगतो. सावलीत बसणाऱ्या, हिरव्या धातूसारख्या चमकणाऱ्या अंगाच्या त्या व्हेस्टालिस, कॅलॉप्टेरिजिडी कुळातल्या. काळी टोकं आणि स्वच्छ टोकं हा नर-मादीचा फरक नाही, जाती वेगळ्या आहेत. काळ्या टोकांची ती व्हेस्टालिस एपिकॅलिस. स्वच्छ पंखांची बहुतेक वेळा ग्रॅसिलिस असते, पण तशाच स्वच्छ पंखांची सबमोंटाना नावाची तिसरीही सह्याद्रीत आहे, म्हणून नोंदवहीत ‘व्हेस्टालिस, स्वच्छ पंख’ एवढंच ठेवा.

उन्हाच्या तिरिपीत वहाळावरून उडताना मागचे पंख मोरपिशी हिरवे झळकले आणि बसल्यावर सगळं मिटून तपकिरी झालं, तर तो स्ट्रीम ग्लोरीचा नर. न्युरोबेसिस चायनेन्सिस. बाकी कशाशी गल्लत होत नाही. मुलांना तो पहिल्यांदा दिसेल तो दिवस ती विसरणार नाहीत.

रानभुली

लाल चतुरांचं कोणीच बोलत नाही! मलाही हवंय ते. आमच्या भाताच्या खाचरांवर भादव्यात नुसते लाल आणि पिवळे असतात.

पाणकणीस

बोलतो. हा भाग जरा सावकाश वाचा.

लाल दिसला की पाय बघा. पाय काळे आणि पंखांच्या शिरासुद्धा लालसर, अंगाचा लाल रंग गुलाबी-जांभळ्याकडे झुकणारा, तर तो क्रिमसन मार्श ग्लायडर, ट्रायथेमिस ऑरोरा. पाय तांबूस, अंग भडक रक्तासारखं लाल आणि पोटाच्या पाठीवर मधोमध सुईने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ, तर रडी मार्श स्किमर, क्रोकोथेमिस सर्व्हिलिया. ही रेघ त्याच्या पिवळट मादीलाही असते, म्हणून रानभुली, तुमच्या खाचरावरच्या पिवळ्यांचं कोडंही काही अंशी हिच्यावरून सुटेल.

सड्यावरचा लाल, जो उघड्या कातळावर बसतो आणि ज्याच्या चारही पंखांच्या बुडाशी मधासारखा मोठा डाग असतो, तो बहुधा ट्रायथेमिस किर्बी. तुमच्या मुलांनी शेपटी वर करून बसणारा पाहिलाय ना, ट्रायथेमिसमधले चतुर भर उन्हात असं बसतात. शेपटी सूर्याकडे रोखली की अंगावर ऊन कमी पडतं, अंग तापत नाही.

गटारावरचा तो डिच ज्वेल, ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा. नराच्या पंखांना बुडापासून अर्ध्याहून पुढे नारिंगी झाक असते आणि टोकाजवळचा ठिपका तांबडा. घाण पाण्यावरही तो टिकतो. वहाळावर हाच जास्त दिसू लागला तर पाणी बिघडतंय का याकडे लक्ष द्या, नोंदवहीत ती गोष्ट वेगळी लिहा.

तळीत कमळं असतील तर आणखी दोन लाल निघतील. युरोथेमिस सिग्नाटाच्या मागच्या पंखाच्या बुडाशी गडद डाग आणि शेपटीच्या शेवटच्या भागावर वरून काळे ठिपके असतात. ऱ्होडोथेमिस रुफाच्या पाठीवर रेघ-ठिपका काही नसतो, मात्र त्याच्या माद्यांना आणि कोवळ्या नरांना छातीवर पंखांच्या मधून जाणारी फिकट पिवळी पट्टी असते.

नर की मादी हे बाजूच्या फोटोत कळतं. पोटाच्या दुसऱ्या खंडाच्या खाली छोटा उंचवटा असेल तर नर.

शाळाबाई_तळकोकण

दादा, हे सगळं मी छापून वर्गात लावते. फोटो काढायचं काही सांगाल? मुलं जवळ गेली की उडतो.

पाणकणीस

उडू द्या. लिबेल्युलिडींतले बरेच नर फिरून त्याच काटकीवर येतात. मुलाला तिथेच बसवा, फोन आधीच रोखलेला, आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने. सकाळी ऊन चढायच्या आत गेलात तर ते गारठलेले असतात, बऱ्यापैकी जवळ जाता येतं. एकाच चतुराचे फोटो वरून, बाजूने आणि शेपटीच्या टोकाचा जवळून, असे घ्या. एकच फोटो मिळणार असेल तर बाजूचा घ्या, त्यात पाय, छातीचे पट्टे आणि नर-मादी तिन्ही येतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरात सड्यावर पिवळट चतुरांचे थवे येतील, जे दिवसभर बसतच नाहीत. त्यांच्यामागे फोन घेऊन पळू नका. ते पँटाला फ्लेवेसेन्स, हिंदी महासागर ओलांडणारे. उडण्याच्या तऱ्हेवरून आणि मागच्या रुंद पंखांवरून नोंद करा.

सातारी_भटक्या

एक सुचवू का? वहाळातल्या दगडांवर आणि गवताच्या पात्यांवर चतुरांची कात सापडते, पाठीवर फाटलेली, रिकामी. ती गोळा करायला मुलांना सांगा. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, कात सापडली म्हणजे तो त्याच पाण्यात वाढला. काडेपेटीत ठेवून वर जागा आणि तारीख लिहिली की झालं. काही धरावं लागत नाही, आणि शेपटीला दोरा बांधायचा खेळ आपोआप सुटतो.

वेताळटेकडी

कात जपायला मदत हवी असेल तर सांगा ताई. आणि फोटो आयनॅचरॅलिस्टवर (जीवांचे फोटो टाकून ओळख पटवायचं संकेतस्थळ) टाकताना ॲपने सुचवलेली जात न निवडता कुळापाशीच थांबा. ओळखणारी माणसं तिथे येऊन पुढचं नाव सुचवतात.

शाळाबाई_तळकोकण

सगळ्यांचे मनापासून आभार. यादीत आता जातीसाठी एक रकाना, कुळासाठी एक आणि ‘कशावरून ओळखलं’ असा तिसरा रकाना करतेय. तिसरा रिकामा असेल तर पहिला भरायचा नाही, हे मुलांनीच ठरवलं.

आज दुपारी लालची फेरतपासणी झाली. तळीवरच्या दोघांच्या पाठीवर काळी रेघ स्पष्ट दिसली, पाय तांबूस. सड्यावरच्याच्या चारही पंखांना मधासारखा डाग आहे, फक्त त्याचे पाय फोटोत दगडाआड गेलेत. वहाळावरच्या गोम्फिडचा शेपटीच्या टोकाचा फोटो मिळाला तर इथेच टाकू का, की नवीन धागा काढू?

पाणकणीस

इथेच टाका. वरून आणि बाजूने, दोन्ही. आणि छातीच्या बाजूचा पट्टा दिसेल असा एक.