मदत हवी आहे: स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरची घरघर, सांगली-मिरज

मंडळी, माझ्या रेकॉर्ड प्लेअरचं कार्ट्रिज (सुई बसवलेला, सिग्नल देणारा भाग) डेनॉन डीएल-१०३ आहे. आउटपुट जेमतेम ०.३ मिलिव्होल्ट, आतला रोध ४० ओहम. पुढे व्होल्टेज वाढवणारा १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर आणि ४७ किलोओहम इनपुटचा एमएम फोनो (मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजसाठीचा प्रीअँप). म्हणजे कार्ट्रिजला ४७० ओहमचा लोड दिसतो आणि फोनोला सुमारे २.८ मिलिव्होल्ट मिळतात. आवाज पुरेसा आहे. १:२० केलं तर लोड ११८ वर येतो, त्याची गरज वाटत नाही.

अडचण ५० हर्ट्झच्या घरघरीची. तंबोऱ्याच्या खर्जाखालीच ती बसते, त्यामुळे मैफिलीच्या एलपीवर फार जाचते. स्टेप-अपचं इनपुट शॉर्ट केलं तरी ती राहते, पण ट्रान्सफॉर्मर नव्वद अंशांत फिरवला की निम्म्यावर येते. म्हणजे दोष अर्थिंगचा नाही, अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र आत शिरतंय. अंतर वाढवायला कपाटात जागा नाही, आणि लांब केबल मला नको.

कुपवाड एमआयडीसीत म्यू-मेटलचा (चुंबकीय क्षेत्र अडवणाऱ्या निकेल-लोखंड मिश्रधातूचा) डबा करून देणारं कोणी आहे का? वाकवल्यावर हायड्रोजन भट्टीत तापवून सावकाश थंड करणं, म्हणजेच अ‍ॅनीलिंग हवंच, नाहीतर त्याचा चुंबकीय गुण बराचसा जातो. ते जमत नसेल, तर दोन मिलिमीटर जाडीच्या मऊ लोखंडाच्या डब्याने ५० हर्ट्झला कुणाला कितपत फरक पडला?