कुकर फुटून इजा झाली, कंपनी ‘बाहेरची रिंग’ म्हणून हात झटकते आहे. कायदेशीर सल्ला हवा आहे

नमस्कार,

सांगलीला राहणाऱ्या माझ्या मावशीचा उजवा हात आणि मान गेल्या मार्चमध्ये कुकरचे झाकण उडाल्याने चांगलीच भाजली. कुकर एका मोठ्या कंपनीचा असून तो गावातल्याच भांड्यांच्या दुकानातून घेतलेला होता. पावती मावसभावाच्या नावावर आहे.

आम्ही नोटीस पाठवल्यावर कंपनीने कळवले की, झाकणाला मूळ रिंग नव्हती, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 87 नुसार दावाच चालू शकत नाही. जुनी रिंग सैल झाल्यावर मावशीने बाजारातली बसवली होती, हे खरे आहे. पण झाकण निरखून पाहिले तेव्हा शिट्टीची नळी डाळीने चोंदलेली दिसली आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधला, जास्त तापल्यावर वितळून वाफेला वाट देणारा मिश्रधातू मात्र जराही वितळलेला नव्हता. नळी केव्हातरी चोंदणार हे गृहीत धरूनच तो व्हॉल्व्ह बसवतात ना? मग तो उडाला नाही, याचा रिंगेशी काय संबंध?

शिवाय कलम 87(1) मध्ये वस्तूचा गैरवापर किंवा तीत फेरफार झाला असल्यास ‘विक्रेत्या’विरुद्ध दावा करता येत नाही, असे म्हटले आहे, उत्पादकाचा उल्लेख तिथे नाही. या बचावाचा आधार उत्पादकाला घेता येतो का? आणि कंपनी ‘तपासणीसाठी’ कुकर मागते आहे, बदल्यात नवा देऊ म्हणते. तो द्यावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत निकडीचा आहे: कुकर, झाकण, रिंग, शिट्टी यांतले काहीही कंपनीच्या ताब्यात देऊ नका आणि नळी साफही करू नका. याच कायद्याच्या कलम 38 नुसार ग्राहक आयोग नमुना सीलबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याची फी तक्रारदाराला भरावी लागू शकते, पण असा अहवाल कंपनीच्या स्वतःच्या अहवालापेक्षा कितीतरी वजनदार ठरतो. नवा कुकर घेताना ‘तक्रार उरली नाही’ असे लिहून देण्याचा तर विचारही नको.

कलम 87 चे तुमचे वाचन शब्दशः बरोबर आहे, पण त्यावरच सगळी भिस्त ठेवू नका. कलम 2(37) मधील विक्रेत्याच्या व्याख्येत, स्वतः विक्री करणारा उत्पादकही येतो, आणि कंपनीचे वकील तेच पुढे करतील. तुमचा खरा मुद्दा व्हॉल्व्हचाच आहे. मात्र काही कुकरांमध्ये दाब वाढल्यास रिंग झाकणाच्या खाचेतून बाहेर ढकलली जाऊन वाफ सुटते. तुमच्या झाकणाला तशी खाच असेल, तर बाजारातल्या जाड रिंगेमुळे तो मार्ग बंद झाला असा युक्तिवाद होईल. म्हणून माहितीपुस्तिका शोधा. दुसरी रिंग धोकादायक ठरू शकते, असा स्पष्ट इशारा तिच्यात नसेल, तर कलम 84 मधील अपुऱ्या सूचनांचा आधारही मिळतो, आणि तो व्हॉल्व्हच्या रचनादोषाच्या जोडीनेच मांडावा.

पावतीची चिंता नको. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. तक्रार सांगलीच्याच जिल्हा आयोगात करता येईल, कारण तक्रारदाराच्या राहत्या ठिकाणी दाद मागण्याची सोय या कायद्यात आहे. आयोगाची आर्थिक मर्यादा भरपाईच्या रकमेवरून नव्हे, तर वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवरून ठरते आणि पाच लाखांपर्यंतच्या किमतीला तक्रारीचे शुल्क नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.