कंपनीतल्या लीगलकडे प्रत्येक कागद जायलाच हवा का?

करारवाला
चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचं लीगल सांभाळतो. टीम छोटी. यंदाही वरून फर्मान आलंय: लीगलचा खर्च कमी करा. म्हणजे बाहेरच्या वकिलांची बिलं कापा, याच्यापलीकडे कुणाला काही सुचत नाही. माझ्या मते पैसा बिलांपेक्षा आमच्या वेळात जास्त जातो. मध्यंतरी एका टूलिंगवाल्याबरोबरचा एनडीए (गोपनीयतेचा करार) कितीतरी दिवस मेलवर फिरत होता. वाद कशावर? गोपनीयता तीन वर्षं की पाच. आणि ड्रॉइंग कसलं, तर बाजारात उघड्यावर विकत मिळणाऱ्या ब्रॅकेटचं.

छापील एनडीए, ठरावीक रकमेखालच्या पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), नेहमीची रिन्यूअल्स आमच्याकडे येऊच नयेत. मसुदा आम्ही एकदा नीट करून द्यायचा, कुठल्या अटीवर कुठपर्यंत वाकायचं तेही लिहून द्यायचं आणि परचेसने सही करून मोकळं व्हायचं. ‘महिन्यात किती करार तपासले’ हे माप लावलंत, तर आम्ही जन्मभर तपासतच बसू.

सेल्सचा_हमाल
शंभर टक्के सहमत. आमच्याकडे ‘लीगलला पाठवलंय’ म्हणजे गंगार्पणमस्तु.

सनद_स्थगित
वाचायला छान आहे. आता पीओची मागची बाजू बघा. मुंगीच्या अक्षरात छापलेलं असतं: पेमेंट ९० दिवसांत. परचेसला वाटतं, सप्लायरने मान्य केलं, विषय संपला. सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा, २००६, कलम १५: सप्लायर सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर करारात काहीही लिहा, ४५ दिवसांपुढे जाता येत नाही. कलम १६: थकलेल्या रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. असल्या थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलचा निवाडा विरोधात गेला, तर त्याला आव्हान द्यायलाही आधी ७५ टक्के रक्कम भरा. शिवाय आयकरात तो खर्च पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही.

यातली एकेक पीओ लाख-दीड लाखाची. तुमच्या मर्यादेखालून अलगद निसटणारी. सप्लायर शेकड्यांनी. मग वेळ वाचवून कमावलं काय?

करारवाला
@सनद_स्थगित, हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण दिलंत. ९० दिवस छापील अटींतच आहेत ना? मग शेकडो पीओ तपासून तीच चूक शेकडो वेळा दिसणार. छापील अट एकदा बदला, व्हेंडर मास्टरमध्ये (सप्लायरच्या यादीत) उद्यम नोंदणीचा, म्हणजे सप्लायर सूक्ष्म-लघु आहे का याचा, रकाना सक्तीचा करा आणि ३५व्या दिवशी सिस्टिमने अकाउंट्सच्या नावाने बोंब मारावी.

सनद_स्थगित
आणि फायनान्स हे होऊ देईल? सप्लायरचे अडकवलेले पैसे हेच तर आपल्याकडे खेळतं भांडवल! तुम्ही अट बदलाल, पेमेंट मात्र ९० दिवसांनीच होईल.

शिवाजीनगर_बार
बाहेरच्या वकिलांवर घसरलात म्हणून लिहितो. व्यावसायिक दाव्यात समन्स बजावल्यापासून कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायला ३० दिवस, कोर्टाने मुदत वाढवली तरी जास्तीत जास्त १२०. त्यानंतर दार बंद, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलंय. कंपनीचा मेल येतो कधी? मुदत संपत आल्यावर. सोबत ‘स्कॅन००४’ छाप नावांच्या पीडीएफ, निम्म्या आडव्या. डिलिव्हरी चलनं कुठल्या गोदामात आहेत, कुणालाच पत्ता नाही. हजेरी फीवर मात्र भाजी मंडईसारखी घासाघीस. एका पानावर घटनाक्रम आणि तारीखवार लावलेले कागद पाठवा, बिल आपोआप उतरेल. ज्युनिअरचे तास तुमची गाठोडी सोडण्यात जातात, ते तुम्हीच भरता.

सेल्सचा_हमाल
@शिवाजीनगर_बार, गाठोड्यातली चलनं आम्हीच हरवलेली असतात, पुढे चला :)

तिसरा_मजला
सगळं काम आत ओढायची सध्या फॅशन आहे, त्यावर एक इशारा. पगारी नोकरी घेतली की वकिलीची सनद स्थगित करावी लागते, हे आपल्याला ठाऊकच आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याचा पुढचा परिणाम सांगितला: भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं कवच (अशिलाशी झालेलं बोलणं गुप्त राहण्याचं) अ‍ॅडव्होकेटला आहे, कंपनीच्या पगारी इन-हाऊस वकिलाला नाही. कलम १३४ खाली काही संरक्षण मिळतं, पण ते मर्यादित. उद्या चौकशी लागेल अशा विषयावर ‘आपलं इथे चुकलंय’ असं मत तुम्ही मेलवर द्याल, आणि तोच मेल तपास अधिकारी मागेल. असल्या विषयात फी वाचवू नका. मुकाट बाहेरच्या वकिलाकडे जा.

करारवाला
@तिसरा_मजला, मान्य. म्हणूनच तर एनडीए टेबलावर नकोत. असा विषय आला की डोकं मोकळं हवं.

सनद_स्थगित
शेवटचं विचारतो. परचेसने तुमच्या मसुद्यातली एक ओळ खोडून सही केली आणि प्रकरण अंगाशी आलं, तर निस्तरणार कोण? नोटीस लीगलच्याच टेबलावर येते. अप्रेजलमध्येही लीगलचंच नाव.

करारवाला
सहीचे अधिकार कुणाला, किती रकमेपर्यंत, ओळ बदलली तर काय, हे सगळं बोर्डाच्या ठरावासाठी लिहून दिलंय. पाच लाखांपर्यंत परचेस हेड. कालच त्यांचं उत्तर आलं: ‘मला हा अधिकार नको. लीगलनेच बघावं.’