मदत हवी आहे: घास पिवळा पडतोय, कोणता व्हायरस?

शिरूरचा_गडी: घासाच्या पानांवर पिवळे चट्टे, शेंड्याची पानं आक्रसलीत. दुकानदारानं दिलेली दोन औषधं मारली, फरक शून्य. व्हायरसचं नाव सांगा. लवकर, दावणीला ८ गायी आहेत.

कोथरूडकर: कोणता घास? नेपियर, यशवंत? फोटो टाका.

शिरूरचा_गडी: आमच्याकडे घास म्हणजे लसूणघास. बाकीच्याला गवत म्हणतात.

पांढरी_माती: व्हायरसबियरस काही नाही, लोह कमी पडतंय. माझ्या चुनखडीच्या रानात दरसाल होतं. फेरस सल्फेट फवारा.

बांधावरून: लोह कमी पडलं तर नवी पानं सरसकट पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. चट्टे नसतात. गडीभाऊ, पान उलटं करा. खाली राखाडी-जांभळट बुरशी असेल तर केवडा रोग. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, होती का? घास किती जुना?

शिरूरचा_गडी: बुरशी नाही. मावा होता, एक औषध त्याचंच होतं. घास दोन वर्षांचा. उन्हाळ्यात आपोआप बरा झालेला, थंडी पडली तसा परत.

बांधावरून: हे आधी सांगायचं ना! अल्फाल्फा मोझॅक या लसूणघासावरच्या विषाणूचा संशय येतोय. ऊन तापलं की लक्षणं लपतात, विषाणू झाडातच राहतो. मावा सोंड टोचून काही सेकंदांत तो सोडतो, औषधानं मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. बियाण्यातूनही येतो. पण नुसतं बघून नाव ठरत नाही, प्रयोगशाळेत एलायझा नाहीतर आरटी-पीसीआर चाचणी करावी लागते.

मुरघासप्रेमी: घास मोडा, मका लावा. माझा मुरघास, म्हणजे आंबवून साठवलेला चारा, बघायला या कधीही.

पांढरी_माती: एकदा फेरस मारून बघायला काय जातं?

बांधावरून: पैसे.

शिरूरचा_गडी: भांडू नका. गायींना घातला तर चालेल?

गोठ्यातली_ताई: झाडाचा विषाणू गायीला लागत नाही दादा. पण औषध मारलंय ना? डब्यावर लिहिलेले दिवस भरल्याशिवाय कापू नका.

शिरूरचा_गडी: बरं. बांधाला मिरची आहे, तिचीही पानं पिवळी चितरल्यासारखी झालीत. संबंध असेल का?

बांधावरून: अहो!! मिरचीलाही हा विषाणू लागतो. दोन्हींची चट्टे असलेली कोवळी पानं ओलसर कागदात गुंडाळा, वेगवेगळ्या पिशव्यांत, गाडीच्या डिकीत तापू देऊ नका. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात वनस्पती रोगशास्त्रवाल्यांना आधी फोन करा, चाचणी तिथेच होते की पुढे पाठवतात ते विचारा.

शिरूरचा_गडी: वेगवेगळ्या म्हणजे फी पण दोनदा?