नादारीचा अर्ज : आधी वकील की रिझोल्यूशन प्रोफेशनल?

प्रश्न : भोसरीत माझी सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बँकेचे दोन कोटींचे कर्ज थकले असून त्याला माझी वैयक्तिक हमी आहे. मुंबईच्या कंपनी विधी न्यायाधिकरणात जाण्यापूर्वी कोणाची निवड आधी करावी?

उत्तर १ : वकिलाची. रिझोल्यूशन प्रोफेशनल म्हणजे नादारी प्रक्रिया चालवायला नेमलेला व्यावसायिक; तो कंपनीचा कारभार हाती घेतो, परंतु तो आपला माणूस नसतो. धनकोंची समिती ६६ टक्के मतांनी त्याला बदलू शकते. वकील मात्र आपली बाजू मांडतो.

उत्तर २ : माझ्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत ताळेबंद बाजूला सारून हमीपत्र मागितले आणि त्यातील एकेक कलम पेन्सिलीने खुणावत वाचले. कंपनीला मिळणारी वसुलीवरील स्थगिती हमी देणाऱ्या जामीनदाराला लागू होत नाही, हे त्या दिवशी कळले. हमीपत्र न पाहता फी सांगणाऱ्याकडे कृपया जाऊ नका.

उत्तर ३ : उद्यम (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची) नोंदणी असल्यास २०२१ पासूनच्या प्री-पॅक, म्हणजे धनकोंशी आधीच बोलणी करून अर्ज करण्याच्या प्रक्रियेविषयी अवश्य विचारावे, कारण तिच्यात कारभार सहसा संचालकांकडेच राहतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. हमीपत्राची प्रत उद्याच बँकेकडून मागवतो.