इलेक्ट्रोलिसिस शिकून साताऱ्यात खोली सुरू करायची आहे : कोर्स, मशीन, सुया यांबद्दल सल्ला हवा

कंदीपेढा
नमस्कार मंडळी. साताऱ्यात घराला लागून १० बाय १२ची खोली आहे. थ्रेडिंग, वॅक्सिंग, फेशियल ही कामं येतात. आता हनुवटीच्या राठ केसांसाठी इलेक्ट्रोलिसिस (बारीक सुईने केसाच्या मुळाशी करंट देऊन केस कायमचा काढणं) शिकायचं आहे. बजेट सगळं मिळून दीड लाख, कोर्स धरून.
कोर्स किती तासांचा असावा? मशीन थर्मोलिसिसचं (नुसत्या उष्णतेचं) घ्यावं की ब्लेंडचं (उष्णता आणि डीसी करंट एकत्र)? सुया कुठल्या नंबरच्या? परवाने काय लागतात?
लेझर सुचवू नये ही विनंती.

पावशेर
लेझरच घ्या ताई. डायोड प्रकारचा. एकेक केस टोचत बसायचे दिवस गेले. मुद्रा कर्जात तरुण गटाला १० लाखांपर्यंत मिळतात. बजेट थोडं ताणा.

काटेसावर
दीड लाखाचे दहा लाख म्हणजे "थोडं ताणा" होय?
लेझर केसातला काळा रंग पकडतो. पन्नाशीच्या बाईच्या हनुवटीवरचे पांढरे केस त्याला दिसतच नाहीत, आणि ताईंकडे नेमक्या त्याच बायका येणार. शिवाय आपल्याकडच्या सावळ्या चेहऱ्यावर, गालाच्या कडेच्या बारीक लवीवर लेझर मारला तर काही जणींना उलट जास्तच केस येतात. अमेरिकेची एफडीए लेझरला "कायमची घट" म्हणू देते, "कायमचं निर्मूलन" हा शब्द फक्त इलेक्ट्रोलिसिसला.

सॅनहोजेकर
कोर्सबद्दल. आमच्या कॅलिफोर्नियात इलेक्ट्रॉलॉजिस्टचं स्वतंत्र लायसन आहे आणि त्याला ६०० तास लागतात. टेक्ससमध्ये लायसनच नाही. भारतातही या कामाचं वेगळं लायसन नाही, म्हणजे सर्टिफिकेट कोणीही छापू शकतो. सिबटॅकसारख्या ब्रिटिश परीक्षा संस्थांचा इलेक्ट्रिकल एपिलेशनचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, तो शिकवणारं केंद्र मिळालं तर उत्तम. नाहीतर फी भरण्याआधी एकच विचारा : खऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर किती तास सुई हातात मिळेल? "डेमो दाखवू" म्हणाले तर उठून या.

पावशेर
६०० तास! तेवढ्यात माणूस विमान चालवायला शिकतो. (हलके घ्या.)

दगडफूल
सगळे मशीनवर घसरणार म्हणून आधीच लिहिते. या धंद्यात ऐंशी टक्के हात आणि वीस टक्के मशीन.

सुई कातडीत "टोचायची" नसते. केस जिथून बाहेर येतो त्याच छिद्रातून, केसाच्या खालच्या अंगाने, केसाच्याच कोनात सरकवायची. हनुवटीखाली केस जवळजवळ आडवे झोपलेले असतात, तिथे सुईही आडवी. बरोबर गेली तर ग्राहकाला काही कळत नाही. अडलं, कातडीला खळी पडली किंवा रक्ताचा ठिपका आला तर कोन चुकलाय किंवा फार खोल गेलीय. जोर लावू नका, बाहेर काढा आणि पुन्हा बघा.

करंट दिल्यावर केस चिमट्यात लोण्यातून निघावा तसा आला पाहिजे. टचकन तुटल्यासारखा आला तर ते महागडं प्लकिंग झालं, केस परत येणार.

वर्षानुवर्षं थ्रेडिंग केलेल्या हनुवटीत केसाची मुळं आत वाकडी झालेली असतात. सरळ सुई त्यांच्या तळाशी पोचत नाही, आणि नवशिक्यांना वाटतं मशीन खराब आहे. ग्राहकाला पहिल्या दिवसापासून थ्रेडिंग, वॅक्सिंग, प्लकिंग बंद. मधल्या काळात कात्री चालेल. आधी दोन-तीन दिवस दाढीसारखं ब्लेड फिरवून यायला सांगितलं तर आणखी बरं, वाढीत असलेले केसच तेवढे वर दिसतात आणि नेमके तेच मारायचे असतात.

सराव स्वतःच्या पिंढरीवर करा. तिथले केस जाड आणि कोन सोपा.

चष्मिश
+१ दगडफूल. फक्त दिसलं पाहिजे ना! पार्लरमधला गोल दिव्याचा भिंगस्टँड ३ डायॉप्टरचा असेल तर वस्तू जेमतेम पावणेदोन पट दिसते, ५चा असेल तर सव्वादोन पट. पांढऱ्या केसाला ते पुरत नाही. दंतवैद्य लावतात तसा लूप (चष्म्यावर बसवलेलं भिंग) घ्या, साडेतीन पट, वर एलईडी. कामाचं अंतर ४० सेंटीमीटरच्या आसपास असलेला निवडा, नाहीतर वाकून वाकून मान जाईल. स्टूल वरखाली होणारं हवं.

खडूसकाका
अमेरिकेतून जुनं मशीन कोणी स्वस्तात आणून देत असेल तर मागची पाटी वाचा. ११० व्होल्टचं आपल्या २३० वर थेट लावलं की धूर. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. खोलीचं अर्थिंग तपासून घ्या. सुई कातडीत असताना लाइट जाऊन परत येते तेव्हाचा झटका नको असेल तर यूपीएस हवाच.

निळीछत्री
थर्मोलिसिस की ब्लेंड? ब्लेंड. वाद नको.
थर्मोलिसिस म्हणजे उच्च वारंवारतेचा करंट, सुईभोवतीचं पाणी तापतं आणि मूळ शिजतं. सेकंदाच्या अंशापासून काही सेकंदांत काम होतं, पण सुई नेमकी जागी नसेल तर फुकट. गॅल्व्हनिक म्हणजे डीसी, एकाच दिशेने वाहणारा करंट. केसाच्या छिद्रातल्या मीठपाण्यापासून तिथल्या तिथे कॉस्टिक सोडा तयार होतो, तो वाकड्या मुळाच्या कानाकोपऱ्यात झिरपतो, पण एका केसाला मिनीट-दोन मिनिटं जातात. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र, सोडा गरम असल्याने झपाट्याने काम करतो.
हिशोब असा : ०.१ मिलीअँपिअर एक सेकंद दिला की सोड्याचं एक युनिट. हनुवटीच्या राठ केसाला ६० युनिट धरा, म्हणजे ०.५ मिलीअँपिअर आणि १२ सेकंद. ओठावरच्या लवीला १५ युनिटही खूप झाले.

खडूसकाका
आणि ध्रुव उलटे लावू नका! गॅल्व्हनिकमध्ये सुई ऋण, ग्राहकाच्या हातातली दांडी धन. उलटं झालं तर सुईचं लोखंड विरघळून कातडीत उतरतं आणि काळा ठिपका गोंदल्यासारखा राहतो. दांडीवर ओला कापूस गुंडाळा, कोरड्या हाताला करंट लागत नाही आणि तुम्ही डायल वाढवत बसता.

काटेसावर
ब्लेंड चांगलं आहे, पण नवशिक्या हाताने सावळ्या कातडीवर घाई केली तर डाग पडतात. शेजारशेजारचे केस एकाच बैठकीत मारायचे नाहीत, एक सोडून एक घ्या. उष्णता साठली की कातडी पांढरी पडते आणि नंतर खड्डा राहतो. नाकाच्या खालचा भाग सगळ्यात हुळहुळा, पहिल्या दिवशी तिथे जाऊच नका. काम झाल्यावर २४ ते ४८ तास मेकअप, वाफ, हात लावणं बंद, आणि नंतर सनस्क्रीन. खपली काढायची नाही हे तीनदा सांगा, तरी काढतात.
सुया : नंबर म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ३ नंबर ओठाला, ४ हनुवटीला, ५ दाढीला. जेवढा केस जाड तेवढी सुई जाड. बारीक सुई "सौम्य" असते हा गैरसमज, सगळा करंट टोकाला एकवटतो आणि जास्त चटका बसतो.

पावशेर
म्हणजे एका हनुवटीला किती महिने?

काटेसावर
वर्ष ते दीड वर्ष, सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याने, पुढे अंतर वाढत जातं. पीसीओडी (अंडाशयाचा, हार्मोन बिघडवणारा त्रास) असेल तर नवे केस येतच राहतात, अशा बाईला आधी डॉक्टरकडे पाठवा. आवाज घोगरा होऊन अचानक केस वाढले असतील तर लगेच. पेसमेकर असेल तर नाही म्हणा. तिळातल्या केसाला डॉक्टरचा होकार घेतल्याशिवाय हात लावू नका. ट्रान्स महिला येतील, त्यांच्या दाढीचं काम शंभर तासांच्या पुढे जातं, दर तसा ठरवा.

मीठभाकर
परवान्यांचं कोणीच बोललं नाही. मोजकीच माणसं कामाला असतील तर २०१७च्या कायद्याने शॉप ॲक्टची फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. पाटीवर "क्लिनिक" लिहू नका. एक सुई एकाच ग्राहकाला, काम संपलं की सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात, टोपण परत लावायचं नाही. तो डबा घंटागाडीत टाकायचा नसतो, जवळच्या दवाखान्याशी बोलून जैववैद्यकीय कचरा नेणाऱ्यांकडे द्या. हेपटायटिस बीची लस आजच सुरू करा : ०, १ आणि ६ महिने. चिमटे पाकिटात घालून ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र), १२१ अंश, १५ पाऊंड दाब.

पावशेर
१५ पाऊंड तर घरच्या कुकरमध्येही असतात. तीन शिट्ट्या.

मीठभाकर
कुकरमध्ये आतली हवा पूर्ण गेली की नाही कळत नाही, काटा नाही, आणि पाकीट ओलं निघतं. ओल्या पाकिटातून जंतू परत आत जातात. वरण करा त्यात.

दगडफूल
उगाच कुकरवर नेऊ नका धागा. बधिर करणाऱ्या क्रीमबद्दल : डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय देऊ नका, आणि मोठ्या भागावर तर नाहीच. कातडी फुगते, छिद्र दिसत नाही.

चष्मिश
लूप घेतलात का?

कंदीपेढा
सर्वांचे आभार, वाचनखूण साठवली आहे. ठरवलं ते सांगते. ब्लेंड नाही, लेझर नाही. पुण्यातल्या एका निवृत्त ब्युटीशियनकडून साधं थर्मोलिसिस मशीन वापरलेलं घेतलं, ३८ हजार. त्याच दीड महिना शनिवार-रविवार शिकवणार आहेत, सुई माझ्या हातात. लूप घेतला, यूपीएस घेतला, लस सुरू केली. वाकड्या मुळांच्या ग्राहकांना सध्या नाही म्हणेन.
एक घोळ झाला. सुया ऑनलाइन मागवल्या त्या के शँकच्या (शँक म्हणजे होल्डरमध्ये बसणारी सुईची मागची दांडी) आल्या आणि होल्डर एफ शँकचा आहे. बसत नाहीत.

निळीछत्री
तरी म्हणत होते ब्लेंड घ्या.

खडूसकाका
जुनं मशीन तपासायचं असेल तर अंड्याचा पांढरा बलक वाटीत घ्या, सुईचं टोक बुडवा, पेडल दाबा. टोकापाशी पांढरा थेंब जमला पाहिजे आणि डायल वाढवला की मोठा व्हायला हवा. दर वेळी वेगळा जमला तर टायमर दुरुस्तीला द्या.

काटेसावर
के शँकची दांडी एफच्या जवळजवळ दुप्पट जाड असते, ठोकून बसवू नका. काही होल्डरची पुढची चक (सुई पकडणारा भाग) बदलता येते, मॉडेल नंबर टाका इथे. बदलता येत नसेल तर पाकिटं न फोडता परत करा.