किनाऱ्याजवळच्या हँगारमध्ये कार्यशाळा: मोकळा कोपरा की बंदिस्त खोली?

खारावारा: नमस्कार मंडळी. सिंधुदुर्गात समुद्राजवळच्या एका हँगारमध्ये लहान विमानांच्या देखभालीसाठी कार्यशाळा उभारण्याचे काम माझ्याकडे आले आहे. छोटा लेथ, बेंच ग्राइंडर, ड्रिल मशीन, कॉम्प्रेसर आणि पत्र्याच्या कामाचे टेबल एवढे सामान आहे. हँगारचे दार पश्चिमेला असल्यामुळे दुपारी खारा वारा थेट आत शिरतो आणि पावसाळ्यात झड बरीच आतपर्यंत येते. मागच्या कोपऱ्यात सामान मोकळेच मांडले तर खर्च वाचतो आणि विमाने ढकलायलाही जागा राहते. ते चालेल का, की भिंत घालून खोलीच करावी?

रिव्हेटवाला: खोलीच करा, आणि ग्राइंडर मात्र त्या खोलीतही ठेवू नका. विमानाच्या पत्र्यासाठी वापरल्या जाणाऱ्या २०२४ या मिश्रधातूत तांबे असते. त्यामुळे तो मजबूत असला तरी गंजाच्या बाबतीत नाजूक आहे. लोखंडाचा कीस उडून अशा पत्र्यावर बसला आणि त्यावर खारट दमट हवा लागली, की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ले जाते. सुरुवातीला रंगाखाली मोहरीएवढा फुगवटा दिसतो. नखाने खरवडला तर आतून पांढरी भुकटी निघते. म्हणून हँगारच्या पूर्वेला, समुद्राकडे पाठ करून, आपल्याकडे घराला असते तशी पडवी काढा आणि लोखंड कापण्या-घासण्याचे सगळे काम तिथेच करा. ॲल्युमिनियमसाठी कानशी आणि ब्रश वेगळे ठेवून त्यांवर रंगाची खूण करा. स्टील वूल (घासायचा लोखंडी तारांचा चोथा) तर त्या टेबलाजवळ फिरकूही देऊ नका. डीजीसीए या नागरी विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, विमान देखभाल संस्थांसाठीच्या सीएआर-१४५ नियमांतही एकीकडची घाण दुसरीकडे पोहोचणार नाही अशा रीतीने कामाच्या जागा विभागण्याची अपेक्षा आहे, त्यामुळे पुढे मान्यता घ्यायची असेल तर हा खर्च वाया जाणार नाही.

जांभाचिरा: वरील मताशी पूर्ण सहमत आहे. भिंत जांभ्याची घालणार असाल तर आतून गिलावा करून रंग द्या, कारण उघड्या चिऱ्याची तांबडी धूळ सतत झडत राहते. लेथचा जड ओतीव बेड रात्रभर थंड होतो आणि सकाळी दमट हवा आत आली की त्यावर अक्षरशः घाम सुटतो. म्हणून खोलीत डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारे यंत्र) ठेवून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास आणा. कॉम्प्रेसरकडे विशेष लक्ष द्यावे, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दाबलेली हवा थंड होताना तिच्यातले पाणी नळीत साचते आणि तेच स्प्रे गनमधून रंगात उतरते. नळीला उतार द्या, सर्वांत खालच्या टोकाला निचऱ्याचा कॉक बसवा, टाकीतले पाणी रोज काढा आणि रंगकामाच्या लाइनवर ड्रायर लावा.

भूसंपर्क: आगीचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. एव्हगॅसची (लहान विमानांच्या पेट्रोलची) वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, आणि म्हणूनच अमेरिकेच्या वायरिंग नियमांत हँगारच्या जमिनीपासून १८ इंचांपर्यंतचा थर धोकादायक मानला आहे. मोकळ्या कोपऱ्यातली जमिनीलगतची मोटर किंवा खाली बसवलेला सॉकेट याच थरात येतो. भिंतीने नीट तोडलेल्या आणि हवा खेळती असलेल्या खोलीचे तसे नाही. केबलसाठी जमिनीत उघडा चर मुळीच ठेवू नका, कारण वाफ तिथेच साचेल. अर्थिंगची मोजणी मे महिन्यात करा. कोरड्या जांभ्याचा रोध खूप वाढतो, आणि जुलैतला चांगला आकडा पाहून निर्धास्त राहणे धोक्याचे आहे. वळवाच्या विजा लक्षात घेऊन मुख्य बोर्डावर सर्ज अरेस्टरही (विजेचा अचानक वाढलेला दाब रोखणारे उपकरण) बसवा.

खारावारा: सर्वांचे मनापासून आभार. खोली आणि पूर्वेची पडवी दोन्ही करण्याचे ठरवतो. खोलीचे दार हँगारमध्ये उघडावे की बाहेर?

रिव्हेटवाला: रोजच्या ये-जा आणि सामानासाठी पूर्वेकडे, बाहेर. हँगारच्या बाजूला आपोआप मिटणारे घट्ट दार ठेवा, आणि पडवीतून येणाऱ्याने कपडे झटकून, पादत्राणे बदलूनच त्या दारातून विमानापाशी जावे, असा नियम पहिल्या दिवसापासून पाळा.